एंजल्स ट्रम्पेट वऱ्हाडच्या उन्हात जगवायचं कसं?

संत्राबाग
21 फेब्रुवारी, रात्री 9:10

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचं गाव वरूड तालुक्यात. घरची संत्र्याची बाग आहे, म्हणजे झाडं कळत नाहीत असं नाही. पण या एका झाडाने मला दोनदा रडवलं आहे आणि आता तिसऱ्यांदा रडवायच्या बेतात आहे.

चार वर्षांपूर्वी चिखलदऱ्याला गेलो होतो. तिथे एका जुन्या बंगल्याच्या कुंपणाला लागून हे झाड होतं. दीड पुरुष उंच, पांढरी फुलं, एकेक माझ्या वितेपेक्षा लांब, कर्ण्यासारखं तोंड आणि सगळीच्या सगळी मान खाली घालून लोंबलेली. दुपारी जवळ जाऊन हुंगलं तर काहीच नाही. संध्याकाळी सातला त्याच रस्त्याने परत येत होतो तर वळणाच्या अलीकडेच वास आला. आमचे हे म्हणाले, कुणाकडे लग्न आहे वाटतं! चौकीदाराला विचारून दोन फांद्या घेतल्या, ओल्या रुमालात गुंडाळून वरूडपर्यंत मांडीवर आणल्या.

पहिली अंगणात जमिनीत लावली. आमची माती काळी, भारी. आषाढात आठ दिवस झड लागली आणि खोड जमिनीलगत काळं पडून लिबलिबीत झालं. दुसरी कुंडीत होती. ती छान आली, दीड वर्षात माझ्या खांद्याला लागली, डिसेंबरात अकरा फुलं. रोज मोजायची मी. मग मे महिन्यात पंधरा दिवस माहेरी गेले. ह्यांना सांगून गेले होते, पाणी घाला म्हणून. बागेला तेव्हा मृग बहाराचा ताण सुरू होता (पावसाळ्यात फुलं यावीत म्हणून पाणी तोडतात तो), तर ह्यांनी यालाही ताण दिला. "तुले फुलं पाहिजे ना? मंग ताण नको?" परत आले तर कुंडीत काडी उभी.

नशीब, आधी एक फांदी शेजारच्या काकूंकडे ग्लासात लावून ठेवली होती. तेच झाड आता चार फूट झालंय. यंदा थंडीत सात फुलं देऊन झाली आणि आता ऊन तापायला लागलं.

तर एप्रिल-मे कसा काढायचा? छाटावं का? आणि सासूबाई म्हणतात हा धोतराच आहे, महादेवाला वाहायचा सोडून दारात कशाला लावला. खरंच धोतरा आहे का हा?

---

पऱ्हाटी
21 फेब्रुवारी, रात्री 10:02

ताई, तुमच्या यजमानाले माह्या रामराम सांगा. माणूस आपल्यातला हाय.

मी यवतमाळकडचा कास्तकार. या झाडापायी आमी बी फसलो. पोरीनं मोबाईलवर फोटो पायला, म्हणे बाबा हे झाड आणा. तालुक्याच्या एका नर्सरीत विचारलं त तो म्हणे हाय ना, एंजल ट्रम्पेट, साडेतीनशे रुपये. आणलं. पोरीनं रोज पाणी टाकलं, शेणखत टाकलं, नाव बी ठेवलं त्याचं. तीन महिन्यानं फूल आलं त थे आभायाकडे तोंड करून उभं! मंग फय लागलं, लिंबाएवढं, काटेवालं. माही माय आली, पायलं अन् म्हणे, "अवं बाई, हा त उकिरड्यावरचा धोतरा होय. साडेतीनशे रुपये देल्ले? आपल्या धुऱ्यावर फुकट हाय ना."

तवापासून गावात मले धोतरावाला म्हणतेत.

---

कलमवाला
22 फेब्रुवारी, सकाळी 7:25

पऱ्हाटीभाऊ, नर्सरीवाल्यांच्या वतीने मीच माफी मागतो. (माझी छोटी रोपवाटिका आहे, वर्ध्याजवळ. तुम्हाला ते रोप मी विकलेलं नाही, शपथ.)

ताई, तुमच्या सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. लिनियसने 1753 मध्ये याला धोतऱ्याच्याच कुळीत बसवलं होतं, 'दातुरा आर्बोरिया', म्हणजे झाडासारखा वाढणारा धोतरा. 1805 मध्ये पर्सून नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला वेगळं काढलं आणि ब्रुगमान्स या डच प्राध्यापकाचं नाव दिलं, म्हणून ब्रुग्मान्सिया. धोतरा आणि हे झाड, दोघंही वांगी-मिरची-टमाटरच्याच घराण्यातले. भाऊबंद म्हणा, पण चूल वेगळी.

ओळखायला सोपं आहे. फुलाचं तोंड वर किंवा तिरपं आणि फळ काटेरी, तर धोतरा. तोंड खाली आणि फळ धरलंच तर गुळगुळीत, लांबट, तर ब्रुग्मान्सिया. धोतरा वर्ष-दोन वर्षांत संपतो, याचं खोड लाकूड धरतं आणि वर्षानुवर्षं जगतं. फळ तुम्ही बहुतेक पाहिलं नसेल. एकाच झाडाचा पराग त्याच झाडाला सहसा चालत नाही, दुसऱ्या रोपाचा लागतो. तुमचं आणि चिखलदऱ्याचं झाड फांदीतून आलेलं, म्हणजे एकच जीव. म्हणून हे झाड जगभर फांदीवरच पसरलं.

एक गोष्ट सांगायचा मोह होतो. याचं मूळ दक्षिण अमेरिकेत, अँडीज डोंगराच्या उतारावर आणि आग्नेय ब्राझीलमध्ये. पण आज तिथल्या रानातही ते आपोआप उगवलेलं सापडत नाही. सातही जाती 'रानातून नामशेष' अशा यादीत आहेत. माणसाने फांद्या तोडून दारात रोवल्या म्हणून उरलं.

उन्हाळ्याचं दुपारी लिहितो, आता गिऱ्हाईक आलं.

---

पऱ्हाटी
22 फेब्रुवारी, सकाळी 8:11

म्हंजे आपल्या बैलावानी. दावणीले हाय तवरच हाय.

---

नदीकाठची
22 फेब्रुवारी, सकाळी 11:40

मूळची अकोल्याची, सध्या पुण्यात. महाबळेश्वरला ही झाडं पाहिली आहेत, तिथे काही न करता माजतात.

पण मला एक कळत नाही. हे झाड नखशिखांत विषारी आहे ना? पान, फूल, बी, मूळ, सगळंच? मग लहान मुलं, गुरंढोरं असलेल्या खेड्यातल्या घरात ते लावायचा अट्टाहास कशाला? मोगरा लावा, जाई-जुई लावा. वासच हवा असेल तर पारिजातक आहे की.

---

संत्राबाग
22 फेब्रुवारी, दुपारी 12:30

नदीकाठची, तुमचं चुकीचं नाही. पण आमच्या देवळासमोर पिवळी कण्हेर आहे, तिच्या बिया विषारी. धुऱ्यावर एरंड आहे. वावरात फवारणीचे डबे आहेत. विष नसलेलं घर आमच्याकडे शोधून सापडायचं नाही. काय कुठे ठेवायचं ते कळलं पाहिजे, म्हणून तर विचारते आहे.

आणि खरं सांगते, मला त्या झाडाचा गुण मागच्या वर्षीच कळला, पण लाजेने कुणाला सांगितलं नव्हतं. वाळकी पानं खुडत होते, घाम आला म्हणून त्याच हाताने डावा डोळा पुसला. अर्ध्या तासाने स्वयंपाकघरात आले तर डाव्या डोळ्याला सगळं पांढरं-पांढरं, तांदळातले खडे दिसेनात. आरशात पाहिलं तर डाव्या डोळ्याची बाहुली मोठीच्या मोठी, उजवी नेहमीसारखी. मला वाटलं अर्धांगवायूच झाला. ह्यांनी गाडी काढली, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे डोक्याचा फोटो काढा म्हणाले, अमरावतीला जा म्हणाले. मी झाडाबद्दल बोललेच नाही कारण माझ्याच डोक्यात आलं नव्हतं. तीन दिवसांनी डोळा आपोआप जागेवर आला. चार हजार रुपये गेले.

---

दोन_वेळा_जेवणानंतर
22 फेब्रुवारी, रात्री 10:45

मी ग्रामीण भागात डॉक्टर आहे. ताईंचा किस्सा वाचून हा प्रतिसाद जरा मोठा होणार.

तुमच्या डोळ्याला जे झालं ते अगदी पाठ्यपुस्तकातलं आहे. या झाडात ॲट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन ही द्रव्यं असतात. मोतीबिंदूच्या तपासणीला गेल्यावर बाहुली मोठी करायला थेंब टाकतात ना, त्याच जातीचं औषध. रस डोळ्यात गेला की तेच होतं, फक्त एका डोळ्यात. आणि दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या की आमच्या डोक्यात पहिला विचार मेंदूला मार लागल्याचा किंवा रक्तस्रावाचा येतो. म्हणून त्या डॉक्टरांनी फोटो सांगितला, त्यात त्यांची चूक नाही. झाडाचं नाव सांगितलं असतं तर चार हजार वाचले असते. असं झालं तर आधी स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा मिनिटं डोळा धुवा, मग दाखवायला या आणि पान सोबत आणा.

आता पोटात गेलं तर. तोंडाला कोरड, गिळता येत नाही, अंग तापतं आणि लाल होतं पण घाम नाही, नाडी धावते, लघवी अडते, मग बडबड. माणूस नसलेल्या वस्तू हवेतून उचलू लागतो, घरच्यांना ओळखत नाही. खेड्यात याला बाहेरची बाधा समजून आधी भलतीकडे नेतात आणि तोवर रात्र जाते. तसं करू नका. मिठाचं पाणी पाजून उलट्या काढू नका, सरळ दवाखाना. एका पानात किती विष आणि दुसऱ्यात किती, याचा काही नेम नसतो, त्यामुळे 'थोडंसं घेतलं तर चालतं' असलं काही या झाडात नाही. कॉलेजातली पोट्टी इंटरनेटवर वाचून चहा करतात, त्यांच्यासाठी हे वाक्य.

आता गंमत बघा. फवारणीत ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक अंगात गेलेला रुग्ण येतो तेव्हा त्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या असतात, तोंडातून लाळ, अंगभर घाम, छातीत पाणी. त्याला आम्ही ॲट्रोपिनच टोचतो, कारण त्याचं काम बरोबर उलट आहे. तोंड सुकवतं, बाहुली मोठी करतं. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने शेतमजूर दगावले, तो हंगाम विदर्भातला कुठलाही डॉक्टर विसरणार नाही.

---

पऱ्हाटी
22 फेब्रुवारी, रात्री 11:20

डॉक्टरसायेब, तो हंगाम आमी बी नाही विसरलो. माह्या शेजारचा गडी पंप पाठीवर घेऊन गेला अन् बंडीत निजून आला. त्याले सलाईनमधून हेच दिलं असन मंग. वाचला तो.

पण मंग एक विचारू? फवारतानी चक्कर आली त या झाडाचं पान चावलं त चालन का?

---

दोन_वेळा_जेवणानंतर
23 फेब्रुवारी, सकाळी 6:50

भाऊ, नाही. नाही आणि नाही. आम्ही ॲट्रोपिन मिलीग्राममध्ये मोजून, दर काही मिनिटांनी बाहुली आणि छाती तपासून देतो. पान चावून एका विषाचे दोन होतील. फवारताना चक्कर आली तर कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा घेऊन दवाखान्यात या. तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कुणीतरी मनात विचारणारच होतं.

---

कलमवाला
23 फेब्रुवारी, दुपारी 2:05

काल दुपारी लिहितो म्हणालो आणि राहिलं. आता उन्हाळ्याचं.

ताई, पहिली गोष्ट, उन्हाळ्यात फुलाचा नाद सोडा. हे थंड डोंगरातलं झाड आहे. पारा पस्तिशीच्या वर गेला की कळ्या पिवळ्या होऊन गळतात, आणि आपल्याकडे तो 45 च्या वर जातो. मार्च ते मध्य जून झाडाला फक्त जिवंत ठेवायचं. फुलं पावसाळ्याच्या शेवटापासून माघापर्यंत घ्यायची. महाबळेश्वरचं वेळापत्रक आपलं नाही.

आता छाटणी. झाडाचा सोट सरळ वर जातो आणि एका ठिकाणी त्याला बेचकं फुटतं, गुलेरीच्या लाकडासारखं. बेचकं फुटेपर्यंत फूल येत नाही. बेचक्याच्या वरच्या फांद्या फुलाच्या, खालच्या नुसत्या वाढीच्या. पान हातात घेऊन देठाकडे बघा. खालच्या भागातल्या पानाच्या दोन्ही बाजू देठाशी सारख्या जुळतात, वरच्या पानाची एक बाजू दुसरीपेक्षा जरा खाली उतरलेली असते. एकदा दिसलं की नेहमी दिसतं. छाटणी आत्ता, फेब्रुवारी संपायच्या आत करा आणि बेचक्याच्या वरच करा. खाली छाटलं तर झाडाला पुन्हा बेचकं फुटेपर्यंत, म्हणजे बहुतेक वर्षभर, थांबावं लागेल. तिसरा हिस्सा उतरवा. पानं कमी म्हणजे पाण्याची मागणी कमी. उघडं पडलेलं खोड उन्हाने भाजतं, त्याला चुना लावा, तुम्ही संत्र्याला बोर्डो पेस्ट लावता तसं. आणि कात्री धुवा. आणि डोळा पुसू नका!

कुंडी मोठी हवी, 18 इंचाची तरी. काळी प्लास्टिकची असेल तर बारदाना गुंडाळून ओला ठेवा, नाहीतर मुळं उकडतात. जागा पूर्वेची, नऊ-साडेनऊपर्यंत ऊन, मग सावली. टिनाच्या शेडखाली अजिबात नको, वरून आग ओकते. कडूलिंबाखाली सर्वांत चांगलं. नसेल तर तुराट्यांचा ताटवा (आडोसा) उभा करा, हिरव्या जाळीपेक्षा मला तो आवडतो, वारा खेळतो.

पाणी पहाटे आणि दिवस बुडाल्यावर. दुपारी पानं मान टाकतील, घाबरू नका. बोट मातीत दोन पेरं घाला. ओल लागली तर पाणी घालू नका, संध्याकाळी पानं आपोआप उठतात. लोक दुपारी पानं बघून पाण्यावर पाणी घालतात आणि मूळ कुजवतात.

ताणाबद्दल तुमच्या यजमानांना एवढंच सांगा की संत्र्याला ताण दिला की ते घाबरून बहार काढतं. हे झाड घाबरलं की पानं टाकतं आणि निजतं.

---

मोर्शीकर
23 फेब्रुवारी, सायंकाळी 6:30

राग मानू नका, पण वरूड-मोर्शीत आमचे बोअर आठशे फुटांवर कोरडे पडतात, उभ्या संत्र्यावर कुऱ्हाड चालवावी लागते, टँकरने बागा जगवतो आम्ही. आणि इथे फुलझाडाला दोन वेळ पाणी, ओला बारदाना. वाचून कसंसंच झालं.

---

संत्राबाग
23 फेब्रुवारी, रात्री 8:15

दादा, राग नाही. आमच्याही चाळीस झाडांवर कुऱ्हाड चालली, तो दिवस मी घरात बसून काढला. या कुंडीला बोअरचं पाणी जात नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, पिण्याच्या माठाच्या तळाचं, एवढंच. रोजची एक बादली होते. तीही नसेल तेव्हा झाड जाईल, मी आडवी येणार नाही.

---

मोर्शीकर
23 फेब्रुवारी, रात्री 8:40

बरं. मग ठीक आहे. धुण्याचं साबणाचं घालू नका मात्र.

---

तनस
25 फेब्रुवारी, रात्री 9:30

आम्ही गोंदियाकडले जी. तुमच्यापेक्षा आमच्याकडे पाऊस जास्त, बोडीच्या (लहान तळ्याच्या) काठी घर, हवा दमट. माझं झाड जमिनीतच आहे, सहा वर्षं झाली. जमीन हलकी, पाणी थांबत नाही म्हणून जमलं. बुंध्याशी वीतभर तनस (धानाचा पेंढा) अंथरतो. उन्हाळ्यात ओल धरते, पावसाळ्यात काढून टाकतो, नाहीतर वाळवी.

काळ्या मातीत लावायचंच तर उंच गादी करून लावा. अर्धी काळी माती, बाकी मुरूम, शेणखत आणि धानाचा भुसा. डिंक्या (संत्र्याचं खोड कुजवणारा रोग) काय करतो ते संत्रावाल्यांना मी काय सांगू, तोच प्रकार.

आणि हे झाड भुक्कड आहे. पावसाळ्यात दर आठवड्याला मूठभर शेणखत किंवा पाण्यात 19:19:19 चं विद्राव्य खत, लिटरला 2 ग्रॅम. नाही दिलं तर नुसतं उभं राहते.

---

संत्राबाग
17 एप्रिल, दुपारी 3:50

छाटलं. चुना लावला. ताटवा उभा केला. ह्यांनीच बांधून दिला, न बोलता.

आता नवीन भानगड. खिडकीला कूलर लावला तेव्हापासून कुंडी कूलरच्या शेजारी ठेवली, बाहेरच्या अंगाला. गारवा मिळतो, झाड खूश. मग म्हटलं कूलरच्या टाकीतलं पाणी आठ दिवसांनी काढून टाकतोच, ते का वाया घालवायचं, तेच घातलं. तीन-चार वेळा. आता पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत, पापड भाजल्यासारख्या. आणि नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या.

---

कलमवाला
17 एप्रिल, सायंकाळी 7:10

कूलरचं पाणी बंद! कूलर पाणी उडवतो, क्षार उडवत नाही. बोअरच्या पाण्यातलं सगळं मीठ टाकीत साठत जातं, कूलरच्या गवतावर पांढरी पुटं बघा. ते तुम्ही कुंडीत ओतलंत. आता एकदाच, भरपूर गोडं पाणी घालून खालच्या भोकातून वाहून जाऊ द्या. जळलेल्या कडा सुधारणार नाहीत, नवी पानं बघा.

पिवळं पान आणि हिरव्या शिरा हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या संत्र्याला चुनखडीच्या जमिनीत होतं तेच, लोह मिळत नाही. चिलेटेड फेरस असेल घरात, ते फवारा, उन्हं उतरल्यावर. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून आपल्याकडे फार उपयोग होत नाही, चुना त्याला धरून बसतो.

---

संत्राबाग
28 मे, रात्री 10:20

नवतपा सुरू आहे. काल 46 होतं म्हणतात. झाडाची तेरा पानं उरली आहेत, पुन्हा मोजायला लागले आहे मी. उरलेल्यांवरही धूळ बसल्यासारखे बारीक पिवळे ठिपके, खालून जाळीसारखं काहीतरी.

---

कलमवाला
28 मे, रात्री 10:55

पांढरा कागद पानाखाली धरा आणि पानाला टिचकी मारा. मिरपुडीसारखे कण पडले आणि चालायला लागले, तर लाल कोळी नावाची कीड. कोरड्या हवेत हा येणारच. गंधक आता फवारू नका, या तापमानात पानं जळतील. पहाटे पानाच्या खालून पाण्याची जोराची धार मारा, तीन दिवस लागोपाठ. बास.

तेराची शून्य झाली तरी खोड टाकू नका. नखाने साल खरवडा, आत हिरवं असेल तर जीव आहे.

---

संत्राबाग
19 जून, सकाळी 7:40

हिरवं आहे! काल पहिला पाऊस झाला, आज बेचक्याच्या जरा वर दोन डोळे (कोंब) फुगलेत. तांदळाच्या दाण्याएवढे. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, मेला नाही तुझा धोतरा.

---

पऱ्हाटी
6 ऑगस्ट, रात्री 9:00

मी बी एक अस्सल फांदी मियवली राजेहो. सोयरे चिखलदऱ्याले गेल्ते, त्यायनं आणली. दीड महिना झाला लावून, हिरवी हाय पण फुटत काहून नाही?

---

तनस
6 ऑगस्ट, रात्री 9:25

भाऊ, पानांच्या जुन्या खुणा असतात ना फांदीवर, डोळ्याच्या खाली असतात की वर?

---

पऱ्हाटी
7 ऑगस्ट, सकाळी 6:15

डोयाच्या वर दिसून रायल्या.

---

तनस
7 ऑगस्ट, सकाळी 6:40

मग शेंडा मातीत आणि बूड वर आहे जी. उलटी रोवली.

---

पऱ्हाटी
7 ऑगस्ट, सकाळी 6:52

नावच उलटा धोतरा हाय त मी काय करू.

---

संत्राबाग
11 ऑक्टोबर, रात्री 8:30

आज कळ्यांची मोजणी एकोणतीस. पहिलं फूल परवा उघडलं. संध्याकाळी पाचला कळीच्या टोकाला चीर पडली, सातपर्यंत घडी केलेल्या छत्रीसारखी गुंडाळी सैल होत गेली आणि पाच टोकं बाहेर वळली. आधी हिरवट-पांढरं होतं, आज सकाळी दुधासारखं. दुसरं आज उघडतंय. अंधार पडला की एक मोठा पतंग येतो, फुलासमोर हवेतच थांबतो, पंख दिसत नाहीत नुसता फरफर आवाज.

कुंडीभोवती ह्यांनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं आहे, शेजारच्या बकऱ्यांसाठी. पडलेली फुलं आणि पानं मी रोज उचलून गड्ड्यात पुरते. कुटारात (गुरांच्या वैरणीत) जाऊ नयेत आणि चुलीत तर नाहीच नाही.

नदीकाठची, तुम्ही म्हणाला होतात म्हणून दाराच्या बाजूने हलवून मागे सांदवाडीत ठेवलंय, नातू अंगणात खेळतो. वास तिथूनही ओसरीपर्यंत येतो.

---

नदीकाठची
11 ऑक्टोबर, रात्री 9:05

हे वाचून बरं वाटलं. दिवाळीला अकोल्याला येते आहे, बघायला येऊ का? हात लावणार नाही.

---

पऱ्हाटी
11 ऑक्टोबर, रात्री 9:15

ताई, मी बी येतो. माह्या साळ्याचं वरूडले काम हाय पुढच्या महिन्यात. एक फांदी ठेवजा माह्यासाठी, माय म्हणते आता खरा दाखवच.

---

संत्राबाग
11 ऑक्टोबर, रात्री 9:40

या दोघंही. भाऊ, फांदी बेचक्याच्या वरची देते, फूल लवकर येईल. आणि बुडाकडच्या टोकाला चुना फासून देते. पांढरं टोक मातीत, लक्षात ठेवा.